डिस्कचे माप कोणत्या वहीत लिहायचे?

व्हर्च्युअल मशीनची डिस्क भरत आली की ती वाढवायची, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे काम. ५० जीबीच्या जागी १०० लिहायचे, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला नवी जागा दाखवायची आणि पुढच्या कामाला लागायचे. पण त्याच मशीनचा स्नॅपशॉट कोणी काढून ठेवलेला असला, म्हणजे डिस्क एका ठरावीक क्षणी जशी होती तशी परत मिळावी अशी सोय करून ठेवलेली असली, की हे साधे काम अडते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालींपैकी व्हीएमवेअरच्या पडद्यावर मापाचा रकाना करडा पडतो आणि त्यात आकडा लिहिता येत नाही. हायपर-व्ही डिस्क बदलण्याचे पर्यायच दाखवत नाही. क्यूईएमयूची आज्ञा कित्येक वर्षे नकार देऊन परत येत असे. यातून या धंद्यात एक समजूत पक्की झाली आहे, की मापबदल आणि स्नॅपशॉट यांचे मुळातच जमत नाही. मला ही समजूत चुकीची वाटते. या दोन सोयींचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते, की अडचण तंत्राच्या मुळात नव्हती, नोंद ठेवण्यात होती. डिस्कचे माप हा त्या डिस्कचा कायमचा गुण मानला गेला. ते त्या त्या क्षणाचे सत्य आहे हे उशिरा लक्षात आले. जिथे प्रत्येक स्नॅपशॉटने स्वतःचे माप स्वतःजवळ लिहून ठेवले आणि बाकीच्या यंत्रणेने ते मान्य केले, तिथे भांडण संपले.

सुरुवात क्लाउडच्या खूप आधीची आहे. अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमचे सायंटिफिक सेंटर होते. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांनी १९६४ च्या अखेरीस सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले आणि जानेवारी १९६७ मध्ये ती वापरात आली. एकच सिस्टिम/३६० यंत्र, पण त्यावर बसलेल्या प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक असल्यासारखे वाटावे, ही तिच्यामागची कल्पना. तीच पुढे सीपी-६७ मध्ये आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० मध्ये विस्तारली. प्रत्येकाला संगणक द्यायचा तर प्रत्येकाला डिस्कही द्यायला हवी, आणि खरी डिस्क तर महागडी. म्हणून एका खऱ्या डिस्कपॅकचे सलग सिलिंडर तोडून ज्याचे त्याला दिले जात. त्या तुकड्याला मिनिडिस्क म्हणत. ३३३० जातीच्या पॅकवर ४०४ सिलिंडर आणि सुमारे १०० एमबी जागा असे. त्यातले दहा सिलिंडर म्हणजे जेमतेम अडीच एमबी एखाद्याच्या वाट्याला येत. ही वाटणी ज्या फायलीत लिहिलेली असे तिला डिरेक्टरी म्हणत. तिच्यातली एक ओळ सांगे, की या माणसाची १९१ क्रमांकाची डिस्क ३३३० जातीच्या अमुक पॅकवर पन्नासाव्या सिलिंडरपासून सुरू होते आणि दहा सिलिंडर चालते. मिनिडिस्कचे माप म्हणजे या ओळीतला एक आकडा.

मग डिस्क वाढवायची तर आकडा बदलला की झाले, असे वाटेल. तसे होत नसे. पहिली अडचण शेजाऱ्याची. पुढचे सिलिंडर दुसऱ्याला दिलेले असत, आणि चुकून दोन ओळी एकमेकींवर चढल्या तर एकाचे लिखाण दुसऱ्याच्या फायलींवर होई. ही चूक पकडण्यासाठी सगळ्या मिनिडिस्कचा नकाशा काढून कुठे मोकळी जागा आहे आणि कुठे चढाओढ आहे ते दाखवणारा वेगळा प्रोग्रॅमच असे. दुसरी अडचण जास्त खोल होती. सीएमएस या वापरकर्त्यांच्या प्रणालीने मिनिडिस्क फॉरमॅट करताना तिचे माप डिस्कवरच्या लेबलातही लिहून ठेवलेले असे. म्हणजे एकच माप दोन वह्यांत होते. एक वही व्यवस्थापकाच्या हातात, दुसरी डिस्कच्या पोटात. पहिलीत बदल केला तरी दुसरी जुन्याच मापावर ठाम राही. म्हणून दुसरीकडे मोठी सलग जागा शोधायची, तिथे नवी मिनिडिस्क आखायची, फॉरमॅट करायची, सगळ्या फायली तिच्यावर उतरवायच्या आणि मग जुनी ओळ खोडायची, अशी रीत पडली. त्या काळी स्नॅपशॉट नव्हते, तरी पुढच्या सगळ्या अडचणींचे बीज इथे दिसते. डिस्कचे माप कधीच एका जागी लिहिलेले नसते. ते बदलताना ते जिथे जिथे लिहिले आहे ती प्रत्येक जागा बदलावी लागते, नाहीतर निदान प्रत्येक जागेला फरक सहन करता यावा लागतो.

स्नॅपशॉटचा उगम वेगळ्या घराण्यात आहे. जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहायचे आणि जुना मजकूर तसाच राहू द्यायचा, ही युक्ती डेटाबेसवाल्यांना १९७० च्या दशकात माहीत होती. आयबीएमच्या रेमंड लोरी यांनी १९७७ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. साठवणुकीच्या बाजारात ती रोजच्या वापराची वस्तू झाली ती नेटॲपमुळे. डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये वाफल या फाइल सिस्टिमची रचना जाहीर केली. तिच्यात ४ केबीच्या प्रत्येक ब्लॉकसाठी ३२ बिटांची एक नोंद असे. त्यातला एक बिट सांगे, की हा ब्लॉक सध्याच्या फाइल सिस्टिमला लागतो. पुढचे वीस बिट सांगत, की तो कोणकोणत्या स्नॅपशॉटला लागतो. सगळे बिट शून्य झाले तरच तो ब्लॉक मोकळा. स्नॅपशॉट काढायचा म्हणजे मुळाच्या आयनोडची, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीची, एक प्रत ठेवायची, बाकी सगळे त्या मुळापासून खाली आपोआप जपले जाई. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की फाइलचे माप आयनोडमध्ये लिहिलेले असते आणि आयनोड स्नॅपशॉटचाच भाग असतो. त्यामुळे फाइल काल १० एमबीची होती आणि आज ५० एमबीची झाली, तर कालचा स्नॅपशॉट १० सांगतो, आजची प्रत ५० सांगते, आणि दोन्ही खरे असतात. त्यासाठी कोणाला काही वेगळे करावे लागत नाही. म्हणजे स्नॅपशॉट आणि मापबदल एका घरात सुखाने नांदू शकतात हे १९९४ मध्येच सिद्ध झालेले होते.

व्हर्च्युअल मशीनवाले मात्र दुसऱ्या वाटेने आले. स्टॅनफर्डमध्ये एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ मध्ये डिस्को हा प्रकल्प मांडला. त्यात अनेक मशीन एकच डिस्क वाचायला वापरत आणि प्रत्येकाने केलेले बदल वेगळे ठेवले जात. हीच मंडळी डायान ग्रीन यांच्यासह व्हीएमवेअरच्या स्थापनेत होती, आणि १९९९ मध्ये कंपनीचे पहिले उत्पादन आले तेव्हा बदल वेगळ्या फायलीत टिपण्याची सोय त्यासोबत आली. काम झाल्यावर ते बदल मुळात मिसळायचे की टाकून द्यायचे हे वापरणाऱ्याने ठरवायचे. मूळ डिस्क स्थिर आहे आणि वरची बदलांची फाइल तात्पुरती आहे, हा विचार या सोयीच्या हाडीमांशी होता. एका बैठकीपुरत्या अशा फायलीला स्वतःचे माप असण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे ती तात्पुरती फाइल टिकाऊ झाली, तिला नाव मिळाले, एकावर एक अशी साखळी होऊ लागली, आणि तिलाच स्नॅपशॉट म्हणू लागले. वस्तू बदलली, पण तिच्यामागचे गृहीत तेच राहिले.

हे गृहीत व्हीएमवेअरच्या डिस्क-फायलीत डोळ्यांनी पाहता येते. व्हीएमडीकेच्या साखळीतल्या प्रत्येक दुव्यासोबत मजकुराची एक छोटी फाइल असते. तिच्यात या दुव्याची ओळख, त्याच्या मुळाची ओळख आणि माप सांगणारी एक ओळ असते. माप ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजलेले असते, त्यामुळे १० जीबीच्या डिस्कपुढे २०९७१५२० हा आकडा दिसतो. स्नॅपशॉटनंतर तयार झालेल्या दुव्यातही तोच आकडा पुन्हा लिहिलेला असतो. म्हणजे इथे माप नोंदलेले आहे. तरीही मूळ डिस्क वाढवून तिचा आकडा बदलला आणि वरचा दुवा जुन्याच आकड्यावर राहिला, तर दोघांची क्षमता जुळत नाही म्हणून मशीन सुरूच होत नाही. कंपनीच्या कागदपत्रांत यावर स्पष्ट इशारा आहे. स्नॅपशॉट असलेल्या मशीनची मूळ डिस्क वाढवू नका, वाढवलीत तर स्नॅपशॉट मुळात मिसळता येणार नाही आणि मूळ डिस्क पहिल्या मापावरही नेता येणार नाही. माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप इथेच येऊ शकतो. माप प्रत्येक दुव्यात लिहिलेले असूनही अडचण येतेच, मग दोष नोंदीचा कसा? आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे जरा नेमके करायला हवे. इथे वरच्या दुव्यातला आकडा ही नुसती नक्कल आहे. यंत्रणा तो वाचते ते मुळाशी पडताळण्यासाठी, त्या दुव्याचे स्वतःचे म्हणणे ऐकण्यासाठी नाही. नोंद असणे पुरेसे नाही, ती स्वतंत्र साक्ष म्हणून मान्य व्हायला हवी.

कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीसाठी बनलेल्या आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलेल्या व्हीएचडी फायलीत याच विचाराचे अर्धवट रूप आहे. या फायलीच्या शेवटी ५१२ बाइटची एक नोंद (फूटर) असते आणि तिच्यात मापाचे दोन रकाने असतात, एक डिस्क तयार झाली तेव्हाचे माप आणि दुसरा सध्याचे माप. माप बदलू शकते हे तिच्या रचनाकारांनी ओळखले होते. पण त्यांनी इतिहासाला दोनच क्षण दिले, जन्म आणि आज. मधल्या क्षणांची सोय वेगळ्या फायलींच्या साखळीवर सोपवली, आणि साखळीत प्रत्येक फाइल आपल्या मुळाला त्याच्या ओळखक्रमांकावरून ओळखते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये नव्या व्हीएचडीएक्स जातीची डिस्क मशीन चालू असताना वाढवता येऊ लागली, हे मोठे पाऊल होते. तरीही स्नॅपशॉट असला, ज्याला तिथे त्याच आवृत्तीपासून चेकपॉइंट म्हणू लागले, की हायपर-व्हीचा पडदा डिस्क बदलायला मनाई करीत राहिला.

सगळ्यात बोलका पुरावा क्यूकाऊ-२ या फाइल-रचनेत सापडतो. फाब्रिस बेलार यांनी क्यूईएमयू २००३ मध्ये सुरू केले आणि २००६ मध्ये ही रचना त्यात आली. तिच्यात स्नॅपशॉट त्याच फायलीच्या पोटात राहतात. डिस्कच्या कोणत्या भागाचा मजकूर फायलीत कुठे आहे हे सांगणारे तक्ते असतात. स्नॅपशॉट काढताना वरच्या तक्त्याची प्रत घेतली जाते आणि प्रत्येक तुकड्याला किती जण वापरतात याचा हिशोब वाढवला जातो. वाफलच्या जवळ जाणारी ही रचना. आता प्रत्येक स्नॅपशॉटची मूळ नोंद काय काय सांगत होती ते पाहा. वरचा तक्ता कुठे आहे, त्यात किती नोंदी आहेत, स्नॅपशॉटचा क्रमांक, त्याचे नाव, काढल्याची वेळ सेकंदांत, त्यावरची नॅनोसेकंद, मशीनच्या घड्याळाची वेळ, आणि जपलेल्या मेमरीचे माप. मेमरीचे माप आहे, नॅनोसेकंद आहेत, पण डिस्कचे माप नाही. तक्त्यातल्या नोंदींच्या संख्येवरून अंदाज बांधता येतो, पण ६४ केबीच्या तुकड्यांच्या हिशोबाने त्यातली एक नोंद ५१२ एमबी व्यापते, म्हणून तो अंदाज तेवढ्याच ढोबळ टप्प्यांत मिळतो. ज्या रचनेने सेकंदाचा अब्जांश भाग टिपला, तिला त्या क्षणी डिस्क केवढी होती हे टिपावेसे वाटले नाही. यात निष्काळजीपणा नव्हता. तेव्हा डिस्कचे माप बदलतच नसे. न बदलणारी गोष्ट फायलीच्या मथळ्यात एकदा लिहिली की पुरे, असेच कोणालाही वाटले असते.

२०१० मध्ये क्यूईएमयूला डिस्क वाढवण्याची आज्ञा मिळाली आणि हे गृहीत मोडले. मथळ्यातला आकडा आता बदलू शकत होता, पण जुन्या स्नॅपशॉटकडे परतल्यावर कोणता आकडा धरायचा हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून स्नॅपशॉट असलेल्या फायलीचे माप बदलायला प्रोग्रॅमने सरळ नकार दिला. २०१२ मध्ये रचनेची तिसरी आवृत्ती आली आणि तिने प्रत्येक स्नॅपशॉटच्या नोंदीत डिस्कचे माप सक्तीचे केले. वही पूर्ण झाली. पण स्नॅपशॉटचे माप सध्याच्या मापाहून वेगळे निघाले तर हे अजून केलेले नाही असे म्हणून प्रोग्रॅम थांबे. अखेर २०२० मध्ये ५.१ या आवृत्तीत एरिक ब्लेक यांच्या बदलाने ही बंदी तिसऱ्या आवृत्तीच्या फायलींसाठी उठली. त्यासोबत दिलेले कारण असे, की जुन्या रचनेत स्नॅपशॉटचे माप नोंदणे सक्तीचे नव्हते म्हणून बंदी होती, आता ते खात्रीने नोंदलेले असते म्हणून बंदीची गरज उरली नाही. स्नॅपशॉटकडे परतताना डिस्कही त्याच्या मापाची होते. जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्या फायलींवर बंदी आजही आहे, आणि ती असायलाच हवी, कारण त्यांच्या वहीत त्या रकान्याची खात्री नाही. एकच प्रोग्रॅम, एकच युक्ती, तेच तक्ते. फरक आठ बाइटच्या एका नोंदीचा आणि ती मानण्याच्या तयारीचा.

आपल्याकडे जमिनीच्या नोंदींत हे शहाणपण जुने आहे. सातबारावर जमिनीचे क्षेत्र आजचे असते, पण ते कसे बदलत आले हे फेरफाराच्या नोंदवहीत क्रमाने राहते. वाटणी, खरेदी किंवा संपादन झाले की नव्या क्रमांकाची नोंद होते आणि जुनी नोंद तिच्या क्षणापुरती खरी राहते. आजच्या सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून १९६० चा फेरफार कोणी खोटा ठरवत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र पुष्कळ वर्षे एकच सातबारा होता आणि फेरफाराची वहीच नव्हती. म्हणून क्षेत्र बदलायचेच नाही, असा नियम करावा लागला.

यावर दुसरा आक्षेप असा, की क्यूकाऊ-२ चे स्नॅपशॉट एकाच फायलीत राहतात म्हणून हे जमले. जिथे मूळ डिस्क एका फायलीत आणि वरचे बदल दुसऱ्या फायलीत असतात, तिथे वरची फाइल खालच्या फायलीवर खरोखरच अवलंबून असते, तिथे नुसती नोंद काय करणार? याचे उत्तर क्यूईएमयूच्याच बाहेरच्या साखळीत आहे. तिथे वरची फाइल खालच्या फायलीपेक्षा मोठी असू शकते. खालची जिथे संपते त्यापुढचे वाचले तर शून्ये मिळतात, आणि वरचे बदल खाली मिसळण्याची वेळ आली की आधी खालची फाइल वाढवली जाते. कठीण प्रश्न उलट्या दिशेने येतो. वरची फाइल आधी लहान केली आणि पुन्हा मोठी केली, तर नव्याने मिळालेल्या जागेत मुळातला जुना मजकूर डोकावू शकतो. वापरणाऱ्याला ती जागा कोरी वाटत असते आणि तिथे जुने काहीतरी असते. क्यूईएमयूमध्ये ही चूक होती. पुढे वाढवताना तो भाग शून्यांनी झाकून ती दुरुस्त केली गेली. सेफ या साठवण प्रणालीच्या आरबीडी डिस्कने हाच प्रश्न नोंदीने सोडवला. तिथे प्रत्येक स्नॅपशॉटचे माप वेगळे राहते, आणि स्नॅपशॉटपासून काढलेल्या प्रतीजवळ मुळाशी तिचा मेळ किती लांबीपर्यंत आहे याचाही आकडा असतो. प्रत लहान केली की तो आकडा कमी होतो, आणि प्रत पुन्हा वाढवली तरी तो वाढत नाही. म्हणून जुना मजकूर वर येण्याचा मार्गच बंद होतो. अवलंबून असणे खरे आहे, पण ते किती आहे हेही लिहून ठेवता येते.

तिसरा आक्षेप सावधगिरीच्या बाजूचा आहे. बंदी असेना, तिने कोणाचे नुकसान केले? स्नॅपशॉट काढून टाका, डिस्क वाढवा, नवा स्नॅपशॉट काढा. नोंद अपुरी असताना नकार देणे प्रामाणिकपणाचे होते, हे मी मानतो. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा नकार बरा. पण या सल्ल्याची किंमतही पाहायला हवी. डिस्कचे माप बदलणे हे मशीनवरच्या धोक्याच्या कामांपैकी एक. विभागांचा तक्ता बदलतो, फाइल सिस्टिम ताणली जाते, आणि मध्येच वीज गेली किंवा आकडा चुकला तर सगळा डेटा पणाला लागतो. अशा वेळी माघारी यायची वाट हवी म्हणूनच स्नॅपशॉट काढतात, आणि नियम सांगतो की आधी तो पुसा. म्हणजे ज्या क्षणी संरक्षण हवे त्याच क्षणी ते काढून घेतले जाते. यावर कोणी म्हणेल, की स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, धोक्याच्या कामाआधी वेगळी प्रत घ्या. हे शंभर टक्के खरे आहे. मूळ डिस्क बिघडली तर तिच्यावर उभे असलेले स्नॅपशॉटही जातात. व्हीएमवेअर स्वतः सांगते, की एखादा स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पण बॅकअपमधून काही टीबीची डिस्क परत आणायला तास लागतात आणि स्नॅपशॉटकडे परतायला क्षण पुरतात. बॅकअप हवाच, म्हणून स्नॅपशॉट नको, असे होत नाही.

चौथा आक्षेप मात्र पूर्णपणे परतवता येत नाही आणि परतवू नये. डिस्कच्या आत जी फाइल सिस्टिम असते तिलाही आपले माप माहीत असते, मिनिडिस्कच्या लेबलाला होते तसेच. जीपीटी पद्धतीच्या विभाग-तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, आणि डिस्क वाढली की तो शेवट पुढे सरकतो, प्रत मात्र मागे राहते. ईएक्सटी-४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये एकूण ब्लॉक किती ते लिहिते, आणि तो आकडा डिस्कच्या मापाहून मोठा निघाला तर लिनक्स ती फाइल सिस्टिम जोडायला नकार देतो. म्हणून बाहेरून डिस्क लहान करणे हा स्नॅपशॉट असो वा नसो, धोक्याचाच व्यवहार आहे. आतल्या फाइल सिस्टिमने आधी स्वतःला आवरून घेतल्याशिवाय तो करू नये. क्यूईएमयूने लहान करण्यासाठी वेगळा शब्द आज्ञेत मुद्दाम लिहायला लावला तो याचसाठी. ही मर्यादा मी मान्य करतो, पण ती माझ्या म्हणण्याला बळच देते. आतला मजकूर आपले माप सोबत घेऊन फिरत असेल, तर जुन्या मजकुराकडे परतताना जुने मापही परत यायलाच हवे. १०० जीबीच्या क्षणाचा मजकूर ५० जीबीच्या डिस्कवर परत आणला तर तो अर्धा कापला जातो. मजकूर आणि माप वेगळे करता येत नाहीत, म्हणून स्नॅपशॉटने दोन्ही जपायला हवेत.

जिथे हे पहिल्यापासून जपले गेले तिथे नाते कसे उलटते याचे उदाहरण ॲमेझॉनच्या ईबीएस डिस्कमध्ये आहे. २००८ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा चालू डिस्क वाढवण्याची सोय नव्हती. वाढवायची असेल तर तिचा स्नॅपशॉट काढायचा, त्यापासून मोठ्या मापाची नवी डिस्क करायची आणि जुनी काढून ती जोडायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये जागच्या जागी वाढवण्याची सोय येईपर्यंत हीच रीत होती. इतरत्र जो स्नॅपशॉट मापबदलाच्या आड येत होता, तोच इथे मापबदलाचा नेहमीचा मार्ग होता. कारण इथला स्नॅपशॉट चालू डिस्कच्या पाठीवर बसलेला नव्हता. तो वेगळ्या जागी, स्वतःच्या मापासह, स्वतःच्या पायावर उभा होता. त्यापासून होणारी डिस्क त्याच्या मापापेक्षा लहान असू शकत नाही, एवढीच अट. मापबदल आणि स्नॅपशॉट यांचे उपजत वैर असते, तर ही सेवा आठ वर्षांहून अधिक काळ या रीतीवर चाललीच नसती.

सीपी-४० पासून आजपर्यंतचा हा प्रवास पाहिल्यावर माझा निष्कर्ष सरळ आहे. जी रचना भूतकाळ जपण्याचा दावा करते, तिने त्या भूतकाळाचे मापही जपले पाहिजे, आणि ते आजच्या मापापेक्षा वेगळे असले तरी मानले पाहिजे. नवी फाइल-रचना आखणाऱ्यांनी हे दोन्ही नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवावेत, कारण २००६ मध्ये सुटलेला एक रकाना भरून वापरात यायला २०२० उजाडावे लागले. आणि ज्यांच्या हातात आज चालती मशीन आहेत त्यांनी वाढवण्याची आज्ञा देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. या डिस्कवर स्नॅपशॉट आहेत का? असले तर ते त्याच फायलीत आहेत की साखळीत? ते आपले माप स्वतः नोंदतात का, आणि यंत्रणा ते मानते का? आणि वेगळ्या जागी ठेवलेला, परत आणून पाहिलेला बॅकअप हाताशी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर साखळी आधी मिसळून घ्या आणि मगच डिस्क वाढवा. चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर आज डिस्क वाढवू नका.